आवाजवाल्याचं कुलूप

“पासवर्ड आहे माझ्याकडे, त्याची काळजी नको,” टेबलापलीकडे बसलेली बाई म्हणाली; आणि मग कुणाला फोन नंबर उतरवून द्यावा तशी, एकेका तुकड्यावर थांबत, सपाट आवाजात तिनं म्हणून दाखवलं, “कडी लावली दाराला, कानी ठेविते चाहूल. सगळं इंग्रजी अक्षरांत. मध्ये जागा सोडायची नाही.”

दुरुस्ती करणारीच्या हातातला पेचकस स्क्रूच्या खाचेत होता तिथंच राहिला. खाली चष्मेवाल्याच्या दुकानात काच घासायचं चाक फिरत होतं, त्याची बारीक चरचर जमिनीतून खुर्चीच्या पायांत चढत होती, आणि काही क्षण जगात तेवढा एकच आवाज उरला. आईची ओळ. शिवणयंत्रावर पाय मारता मारता आईनं जुळवलेली, दुसऱ्या कुणाच्या तोंडी कधी न गेलेली ओळ. आणि आता कुणीतरी ती उष्ट्या भांड्यासारखी आणून तिच्यासमोर ठेवली होती, सुट्या तारांच्या आणि पोट उघडलेल्या लॅपटॉपांच्या मधोमध. बाई आली तेव्हा तिनं नीट पाहिलंही नव्हतं. गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. मशीन उराशी धरून येतं, ‘चालूच होत नाही हो, काळं होऊन बसतं’ म्हणतं, आणि खुर्चीच्या कडेवर टेकतं. आता मात्र तिनं मान वर केली. राखाडी कोट, ओले केस घाईनं बांधलेले, बोटांवर शाई नाही, मेंदी नाही, अंगठी आहे. आपल्याहून बरीच लहान. डोळ्यांखाली मात्र आपल्याइतकीच जुनी.

“तुम्ही ओळखलंत ना मला, ताई?” बाईनं विचारलं.

“आत्ता ओळखलं,” ती म्हणाली.

आपल्या पूर्वीच्या नवऱ्याच्या या नव्या बायकोला, या नवीला, तिनं आजवर मनातल्या मनात किती वेळा पाहिलं होतं! रस्ता ओलांडताना, रांगेत उभी असताना, दात घासताना. दर वेळी ती उंच असायची, हसरी असायची, मोठ्यानं बोलायची, म्हणजे तिचा राग करायला सोपं जायचं. ही समोरची तशी कुठूनच नव्हती. हिच्या कोटाचं एक बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं. शिवणवालीच्या लेकीला असलं पटकन दिसतं. दिसल्यावर मन थोडं सैल पडू लागलं, तेव्हा तिनं ते वेणीसारखं करकचून परत आवळलं. नाही. एवढ्या वर्षांनी दारात आलंय, तर असं सोडायचं नाही.

“ते स्वतः नाही आले?”

“ते म्हणाले, तुम्ही त्यांना जिन्यावरूनच परत लावाल.”

“शहाणे झालेत म्हणायचे.”

नवी हसली नाही. “म्हणाले, हे कुलूप तिनंच बसवलंय, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. दोन दुकानांत दाखवलं मी तरीही. एक म्हणाला सगळं पुसून नवं टाकून देतो, लगेच होईल. मी मशीन हिसकावूनच घेतलं त्याच्याकडून.”

कुलूप तिनंच बसवलं होतं हे खरं. लग्नाच्या पहिल्या वर्षी. तो आवाज टिपायचा. कुणाच्या सिनेमासाठी दारांचे, पावलांचे, गर्दीचे, कुणाच्या जाहिरातीसाठी पाण्याचे. त्याचं मशीन एकदा एका उपाहारगृहातून चोरीला जाता जाता वाचलं आणि तो घाबरला. तेव्हा तिनं रविवारची अख्खी दुपार बसून त्याला नवं मशीन लावून दिलं, सगळी डिस्क कुलपात. विकणाऱ्यानं दिलेली प्रणाली काढून लिनक्स टाकलं, आणि असं केलं की पासवर्ड दिल्याशिवाय आतलं एक अक्षर कुणाला वाचता येऊ नये. डिस्क काढून दुसऱ्या मशिनात लावली तरी वाळूसारखी नुसती खरखर दिसावी. पुढच्या बाजूला फक्त एक छोटी जागा उघडी ठेवावी लागते. मशीन जागं झालं की आधी तिथं येतं, तिथं एक पहारेकरी बसवलेला असतो, तो पासवर्ड विचारतो, कुलूप काढतो आणि मग घर उघडतं. पासवर्ड लांब हवा, कुणाला सुचू नये असा हवा, आणि तुला विसरता येऊ नये असा, ती म्हणाली होती. तो हसून म्हणाला होता, मग तुझ्या आईचंच काहीतरी दे की. आणि तिनं दिली. लग्नात माहेरून काय काय आणलं होतं त्याची यादी कुणी केली असती तर त्यात ही ओळ आली नसती, पण आणलेल्यातली तीच एक वस्तू रोज वापरात राहिली. रोज सकाळी. ती घर सोडून गेल्यावरही रोज सकाळी. चहाचा कप एका हातात, दुसऱ्या हातानं, न बघता, कडी लावली दाराला.

“झालं काय होतं?” तिनं विचारलं. आवाज बरोबर आला, दुकानातला, कोरडा.

“काहीतरी नवं घालत होतं ते मशीन, आपलं आपणच. आणि सारखं म्हणत होतं, जागा नाही, जागा नाही. मग ह्यांनी…” नवी थांबली. “ह्यांनी काहीतरी उडवलं. जागा करायला.”

पेचकस टेबलावर ठेवून तिनं दोन्ही हात मांडीवर घेतले. थंड झाले होते. जागा करायला. चार पाहुणे आले की सोफ्यावरची उशी भिरकावावी तसा तो उडवायचा. आधी बघायचं नाही, विचारायचं नाही, आणि नंतर चेहरा असा की जगाला उशांचं फारच कौतुक. शेवटच्या वर्षांत आई थकली होती, पण पायाला यंत्राची सवय होती. दवाखान्याच्या चादरी, शाळेचे गणवेश, काही ना काही सुईखाली असायचंच, आणि पाय फिरला की ओठ हलायचे. तिच्या ओळी पायाच्या चालीवर बेतलेल्या असायच्या, आठ ठोके इकडे, आठ ठोके तिकडे. हा सुट्टीच्या दिवशी कानांना हेडफोनचे ते मोठे कान लावून आईच्या पायाशी बसायचा. आई त्याला कधी नावानं हाक मारायची नाही. “आवाजवाले,” ती म्हणायची, “थांबा हं, यंत्राला तेल घालते, नाहीतर तुमच्या डबीत सगळी कुरकुरच जायची.” आणि लेकीकडे बघून म्हणायची, “तुला कधी ऐकायला सवड नव्हती बाई, जावयाला बघ.” खरंच नव्हती. ती तेव्हा दुसऱ्यांच्या बंद पडलेल्या मशिनांत डोकं घालून बसलेली असायची. तिला वाटायचं, टिपलंय सगळं, कुलपात आहे, सावकाश ऐकू. आई गेल्यावर, घर आवरून झाल्यावर, एका सकाळी तिनं म्हटलं, लाव ना जरा. तो चहात साखर ढवळत होता. ढवळायचा थांबला नाही. “अगं, ते उडवलं मी मागेच. त्या सिनेमाच्या वेळी जागा नव्हती. कच्चंच होतं ते, मागं यंत्राची खडखड किती.” चमचा बशीत ठेवला. ठेवल्याचा आवाज झाला. बाकी काही नाही. तिनं ती डिस्क कितीतरी दिवस खरवडली. जे जे करता येतं ते केलं, पण कुलपातलं पुसलेलं परत येत नाही; खरखरीत खरखर मिसळून जाते. मग ती बॅग भरून निघाली, तेव्हा तो दारात उभा राहून खरोखरीच्या आश्चर्यानं म्हणाला होता, “एवढ्यासाठी?”

एवढ्यासाठी. हा शब्द तिनं इतकी वर्षं सुपारीसारखा गालात धरून ठेवला होता.

“बघते,” ती म्हणाली, आणि मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळाल्या, अडखळल्या आणि थांबल्या. घर सापडत नाही, मशीन म्हणत होतं. पासवर्ड विचारायलासुद्धा कुणी नव्हतं. तिला कळायला वेळ लागला नाही. ती पुढची उघडी जागा मुळातच छोटी. नवा पहारेकरी लिहिता लिहिता ती भरली, तो अर्धवटच राहिला. आणि त्या शूरानं जागा करायला हातानं काय उडवलं, तर जुना, धडधाकट, चालता पहारेकरी. घर जिथल्या तिथं होतं, कुलूप जिथल्या तिथं होतं. दारात उभं राहणारं कुणी नव्हतं एवढंच.

“आतलं गेलं का, ताई?” नवीनं विचारलं. तिचा हात टेबलाच्या कडेवर होता आणि नखं पांढरी पडली होती.

उत्तर द्यायला तिनं वेळ घेतला. मुद्दाम घेतला. तो वेळ गोड लागला, आणि गोड लागला म्हणून स्वतःची शिसारी आली, आणि शिसारी आली तरी तिनं तो आणखी थोडा ताणला. “काय आहे आत एवढं?”

“त्यांचं काम आहे सगळं. आयुष्यभराचं म्हणतात ते.” मग एकदम, घसरल्यासारखं, “आणि माझे बाबा आहेत.”

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. आता पाटीवर लिहून दाखवतात आणि कुणी वेळेवर वाचलं नाही तर पाटी आपटतात. ऑपरेशनच्या आधी ह्यांनीच बाबांना समोर बसवून वाक्यं वाचून घेतली होती, ढीगभर, अर्थ असलेली-नसलेली, कारण तेवढी वाक्यं असली की म्हणे त्यांच्यावरून यंत्राला बाबांच्या आवाजात बोलायला शिकवता येतं. बाबांनी टाइप करायचं आणि यंत्रानं बाबांसारखं म्हणायचं. “शिकवणारे लोक पुढच्या आठवड्यात येणार आहेत. दुसरी प्रत काढा, दुसरी प्रत काढा, म्हणून मी किती मागं लागले. म्हणे करतो, करतो.” नवीनं कोटाचं ते बटण पिळलं. “बाबा चिडले की मला ‘ए खुळे’ म्हणायचे. आता ते लिहितात. लिहिलेलं ‘खुळे’ वाचायला काय मजा?”

खाली चाक थांबलं. चष्मेवाला जिन्यातून ओरडला, “ओ कुलूपबाई, दूध नासलंय तुमचं, खिडकीत ठेवलेलं!” तो तिला कुलूपबाईच म्हणायचा. “नासू दे!” तिनं ओरडून सांगितलं. नवी या सगळ्यानं गोंधळली आणि पहिल्यांदा थोडीशी हसली.

तिनं तिची यूएसबीची काडी मशिनात खोचली. मशीन आपल्या घरचं विसरून त्या काडीवरून जागं झालं. आता बाहेर उभं राहून आतलं कुलूप काढायचं. पासवर्ड टाकायचा. टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. कडी लावली दाराला. तिची बोटं त्या ओळीवरून चालली आणि तिला जाणवलं की ही ओळ आता तिच्या बोटांत नाही, त्याच्या बोटांत आहे. तिनं ती एकदा दिली आणि तो हजारदा म्हणाला. चालून चालून पायरी झिजावी तशी त्यानं ती झिजवली होती. आईनं लिहिलेलं चाहूल आणि पाऊल. कडी लावली दाराला, कानी ठेविते चाहूल, ओळखीन अंधारात, माझ्या लेकीचं पाऊल. लेकीचं. आणि जावई रोज सकाळी त्या अंधारात बिनदिक्कत आत शिरत होता.

कुलूप निघालं. उघडलेल्या घराला काहीतरी नाव द्यावं लागतं, तिनं ‘काहीही’ असं दिलं, आत शिरली, पुढच्या जागेतला कचरा काढला, नवा पहारेकरी बसवला आणि काडी काढून मशीन पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. काळं, पांढऱ्या ओळी, घर सापडत नाही. नवीनं तोंडावर हात ठेवला. तिला स्वतःलाच चार माणसांत पदर सरकल्यासारखं झालं. हे शिकाऊ पोरं करतात. बाहेरून उघडताना घराला तेच नाव द्यावं लागतं जे घरात आत लिहून ठेवलंय. दुसऱ्या नावानं उघडलं तर आतलं सगळं दिसतं, हाताला लागतं, पण नवा पहारेकरी ते आपलं घर म्हणून ओळखतच नाही, आणि कुलपाशी जातच नाही. तिला हे झोपेत विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. नावही ठाऊक होतं. त्या रविवारच्या दुपारी तिनंच ठेवलं होतं. माजघर. दोघं जमिनीवर पालथी पडून, उशा छातीशी घेऊन, हसत. तेवढा शब्द बोटांना लिहायचा नव्हता म्हणून बोटांनी ‘काहीही’ लिहिलं होतं. आता काडी परत खोचून तिनं ते लिहिलं. एकेक अक्षर, जळत्या काडीसारखं धरून. माजघर.

या वेळी पहारेकरी नीट बसला. पण तिनं मशीन बंद केलं नाही. घर उघडं होतं, ती आत उभी होती, आणि घरमालक बाहेर कुठेतरी नखं खात बसला असेल. ती त्याच्या खोल्यांतून चालू लागली. पाऊस, पत्र्यावर. पाऊस, कौलांवर. दार, लाकडी, जुनं. पावलं, बाई, रिकामा जिना. असे नीट रचून ठेवलेले त्याचे आवाज, कप्प्यांवर कप्पे, कुठेही धूळ नाही. आई जिथं होती तिथंही ती गेली, नाही म्हटलं तरी पाय वळलेच. तिथं पाणी होतं, कुठल्यातरी जाहिरातीचं, नळाचं, ग्लासातलं, बर्फासकट. तिला वाटलं होतं, आता पूर्वीसारखं रडू येईल. आलं नाही. त्याऐवजी अगदी निवांत, थंड असं काहीतरी आत पसरलं. कुलपाच्या या डिस्कला अगदी पुढं एक डोकं असतं, चार पानांएवढं. आतल्या सगळ्या डोंगराची उकल त्या चार पानांत. ती पुसली की पासवर्ड ठाऊक असून उपयोग नाही, देव आला तरी उपयोग नाही. एक आज्ञा. लिहायला श्वास लागणार नाही. आणि ‘ताई, काय झालं?’ म्हणून कुणी विचारलं तर ‘डिस्कच वाईट होती हो,’ एवढं म्हणायचं. जगात एकालाही कळणार नाही. तिनं ती आज्ञा लिहून पाहिली. नुसती लिहून. पांढरी अक्षरं पडद्यावर उभी राहिली आणि पुढं तो चौकोन लुकलुकत राहिला, हुकमाची वाट बघत असलेल्या कुत्र्यासारखा. एवढ्यासाठी, तिनं मनात म्हटलं. हो, एवढ्यासाठीच.

“ताई, बाबा दिसतात का?”

नवी खुर्ची सरकवून तिच्या खांद्याशी आली होती. नवीला आज्ञा कळणार नव्हती, पण तरी तिनं ती घाईनं खोडली, चोरी पकडली गेल्यासारखी. बाबा होते. ‘बाबा’ याच नावानं होते. तिनं एक फाइल लावली. आधी खोलीचा श्वास, मग खुर्ची करकरली, मग एक जाड, तंबाखूनं खरवडलेला, चिडका आवाज: “आज रस्त्यात गर्दी नाही. खिडकी उघडी ठेवा. मला दोन निळी बटणं हवीत… ही कसली वाक्यं लिहिलीत जावईबापू, मी कधी बटणं मागितली?” आणि आवाजवाल्याच्या हसण्याचा आवाज, माइकच्या मागून, दुरून. नवी खाली बसली. जमिनीवरच. टेबलाच्या पायाला टेकून तिनं दोन्ही कान हातांनी झाकले, आणि मग हात काढले, आणि मग परत झाकले. “परत लावू?” “नको. हो. लावा.” आवाज परत आला. गर्दी नाही. खिडकी उघडी ठेवा.

तिला नवीचा हेवा वाटला. इतका की दात शिवशिवले. हिचे बाबा खोकतात, वैतागतात, बटणांवरून भांडतात. हे उडवलं तर? हे नेमकं एवढंच? मग फेड अगदी मापात होईल, टाक्याला टाका. पण फेड कुणाची? कोट नवीचा, बटण नवीचं, बाबा नवीचे. त्याला काय, तो चहा ढवळेल. नाही, हे मधे नको. तिनं खणातून कोरी डिस्क काढली, बाबांची अख्खी फाइलींची रास तिच्यावर उतरवली, एकदा लावून पाहिली, दुसऱ्या एका डिस्कवर पुन्हा उतरवली आणि दोन्ही नवीच्या हातात ठेवल्या. “एक घरी ठेवा. एक दुसऱ्या कुणाच्या घरी. त्यांच्या हाती द्यायची नाही. एकही.”

“ताई, पैसे…”

“आधी बाबांना बोलू दे.”

नवीनं कान झाकायचे ते मोठे कान मागून घेतले आणि खिडकीपाशी जाऊन तिच्या स्वतःच्या फोनला डिस्क जोडून ती बाबांत बुडाली. पाठमोरी. मधूनच खांदे हलत होते, हसण्यानं का रडण्यानं ते पाठीवरून कळत नव्हतं. आणि इकडे, आता मधे कुणी नसताना, तिचं डोकं एकदम स्वच्छ झालं. पुसायचं नाही. तो पुसणारा. आपण नाही. कुलपाला किल्ल्यांचे अनेक कप्पे असतात. नवी किल्ली घालता येते, जुनी काढून घेता येते. आपली वस्तू आपण परत न्यावी, एवढंच. आतलं सगळं राहू दे. प्रत्येक पाऊस, प्रत्येक दार. त्यानं रोज दारात उभं राहावं आणि घरानं त्याला ओळखू नये.

नवी किल्ली घाल, मशिनानं म्हटलं. आईचीच दुसरी कुठलीतरी ओळ घालावी म्हणून तिनं डोळे मिटले. थांबली. आईच्या कितीतरी ओळी होत्या, यंत्राच्या पायापाशी चिंध्यांसारख्या पडलेल्या. सुईवरची होती, पावसात वाळत न घातलेल्या चादरींवरची होती, वडिलांच्या चपलेवरची होती. चपलेवरची… पहिला शब्द आला आणि पुढं नुसता आठ ठोक्यांचा धपापता रिकामा ताल. सुईवरची. तीही नाही. तिनं कपाळ मुठीवर टेकलं. ऐकायला सवड नव्हती बाई. मग राग असा उसळला की त्यानंच ठोके धरले, पाय टेबलाखाली आपोआप हलू लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तिलाच ओळ जुळली. न दिसणाऱ्या अक्षरांत, पडद्याकडे बघत तिनं ती घातली. ज्यानं पुसलं अंगण, त्याला मिळू नये दार. उभा राहो उंबऱ्याशी, त्याच्या घरात अंधार. पुन्हा एकदा घाल, मशिनानं म्हटलं. तिनं पुन्हा घातली. मग आईची ओळ कप्प्यातून काढून घेतली. दुपट्यातून लेकरू उचलावं तशी.

मशीन बंद केलं, चालू केलं. काळं. ओळी. आणि मग, मधोमध, नम्रपणे: पासवर्ड?

“अहो, विचारतंय!” नवी धावत आली. “झालं! टाकू का मी?”

“तुम्ही नको. त्यांचं त्यांना टाकू दे.” ती मशीन मिटून पिशवीत घालत म्हणाली. “सांगा, मशीन सुरू झालंय.”

नवी जिन्याच्या वळणावर थांबली, आणि अचानक चार पायऱ्या परत चढून येऊन तिनं कुलूपबाईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तो हात नंतर बराच वेळ तिनं टेबलावर वेगळा ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं तेव्हा फोन वाजला. नंबर तिनं कधीच पुसलेला नव्हता. 

“घेत नाहीये,” आवाजवाला म्हणाला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. “मी बरोबरच टाकतोय.”

“बरोबरच टाकत असशील.”

तो मग हलकेच, “पासवर्ड बदललास.”

“माझं होतं. घेतलं.”

“बाबांचं तू दिलंस, ती सांगत होती. म्हणजे आतलं सगळं आहे.”

“कणही हललेला नाही.”

“हे बघ, माझं काम आहे त्यात. पुढच्या महिन्याचं सगळं त्यात आहे. तुला काय हवंय ते सांग, पण…”

“आईची एक ओळ म्हण,” ती म्हणाली. हे तिनं ठरवलेलं नव्हतं. “कुठलीही. रोजची ती सोडून. एवढी वर्षं कान लावून बसायचास ना तिच्या पायाशी? एक म्हण, मी किल्ली सांगते.”

आता शांतता. ती खुर्चीत मागं टेकली. हीच ती हवी होती, हा खड्डा, त्याच्या घशात पडलेला. तो शब्द शोधतोय आणि हाताला काही लागत नाही, हे तिला ऐकू येत होतं, त्याचा श्वास, त्याच्यामागं कुठंतरी पाटी आपटल्याचा आवाज, नवीचं “आले बाबा!” बुडू दे अजून. तिनं त्या शांततेचा घोट घोट घेतला.

“शब्द नाही येत,” शेवटी तो म्हणाला.

“माहीत होतं मला.”

“नाही, ऐक. शब्द नसायचेच गं. शेवटी शेवटी त्यांच्या तोंडात टाचण्या असायच्या ना. ओळीनं, ओठांत धरलेल्या. त्या तशाच म्हणायच्या, तोंड मिटून. मी कुठनं ऐकणार शब्द?”

टाचण्या. टाचण्या विसरली होती ती. टाचण्यांची ती चकचकीत रांग, खालच्या ओठावर पडलेले बारीक खळगे, आणि ‘अं?’ म्हणून नुसत्या भुवयांनी विचारणं. विसरली होती, सगळं विसरली होती, आणि यानं, यानं ते ठेवलं होतं.

“असं असायचं,” तो म्हणाला, आणि त्यानं ओठ मिटले असावेत, कारण आवाज एकदम नाकाकडून येऊ लागला, जुना, बारीक, एका बाजूनं थोडा गळका. आठ ठोके वर चढून, मधे सूत तोडायला लागतो तेवढं थांबून, आठ ठोके खाली. शेवटच्या ठोक्याला किंचित वर उचललेला, पुढची शिवण अजून बाकी असल्यासारखा. माणूस त्याचा होता, फुफ्फुसं त्याची होती. आवाज आईचा होता. भिंतीवर, टेबलावर, उघड्या मशिनांवर तो येऊन बसला आणि तिला उठताही येईना, हलताही येईना.

संपलं. तो खाकरला. “आता सांग.”

तिनं फोन कानाशी इतका दाबला की कानाची पाळी दुखली. डोळे कोरडे होते. इतका राग तिला आजवर कधीच आला नव्हता, बॅग भरतानासुद्धा नाही.

“परत म्हण,” ती म्हणाली.

“आणि पासवर्ड?”

“परत.”

त्यानं परत ओठ मिटले. या वेळी थोडं लवकरच श्वास कमी पडला. पडू दे, ती म्हणाली मनात, दमू दे याला, फुटू दे छाती, आणि तो थांबला तेव्हा त्याला बोलायला वाव मिळण्याच्या आत, कडक, स्वच्छ आवाजात, “अजून एकदा.”